नाना रिसबुडांचं फुलपात्र

नाना रिसबूड कुणाच्याही गाडीत बसण्याआधी पाणी मागत. प्यायला नव्हे. कोटाच्या खिशातून ते पितळेचं एक फुलपात्र काढायचे, काठोकाठ भरून घ्यायचे, मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसायचे, फुलपात्र तळहातावर ठेवायचे आणि मग चालवणाऱ्याला म्हणायचे, "हं, निघा आता."

त्यानंतर बाहेरून मोर्चा जावो नाहीतर वरात, नानांची नजर पाण्यावरून हलत नसे. एक थेंब सांडला की "अरेरे." दोन-चार सांडले की "कठीण आहे." आणि पाणी मांडीवर आलं की ते काहीच बोलत नसत. उरलेलं खिडकीतून बाहेर टाकायचे, फुलपात्र रुमालानं पुसायचे आणि खिशात घालायचे. त्या गाडीचा निकाल लागला असं समजायचं.

एकाहत्तर साली बँकेनं माझी बदली कलकत्त्याला केली आणि लेक मार्केटजवळच्या एका गल्लीत आम्ही बिऱ्हाड मांडलं. नाना समोरच्याच घरात तळमजल्यावर राहत. तिथल्या मराठी मंडळाच्या चिटणिसांनी ओळख करून दिली ती अशी : "हे नाना. तीस वर्षं कलकत्त्यात आहेत. तसे बरे आहेत, फक्त गाडीत बसवू नका." नाना शेजारीच उभे होते आणि मनापासून हसत होते.

सरकारी कचेरीत ते नकाशे काढायचे. इंजिनाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. गाडी सोडाच, त्यांना सायकलसुद्धा येत नव्हती. पण मंडळातल्या कुणी जुनी गाडी घ्यायची काढली की नाना फुलपात्र घेऊन हजर. बोलावलं नाही तरी हजर. लोक वैतागायचे, हसायचे, पाठीमागे 'पाणीवाले' म्हणायचे. टॅक्सीवाले तर त्यांना बघून पुढे निघून जायचे. एका सरदारजीनं मात्र एकदा गाडी थांबवून विचारलं होतं, "बाबूजी, पीना है तो पी लो, पकड़ के क्यों बैठे हो?" नाना म्हणाले, "आप चलाइए, ये हमारा मीटर है."

त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मात्र कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं. मंडळाच्या गणपतीला त्या नसत, कोजागिरीला नसत, संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही नसत. "शिष्ट आहे बाई," असं मंडळातल्या बायकांनी ठरवून टाकलं होतं. नवीन असताना मी आणि माझी बायको मालती एकदा त्यांच्याकडे गेलो होतो. काकू आतल्या खोलीत उंच पाठीच्या खुर्चीत बसल्या होत्या. आम्हाला बघून गोड हसल्या, "या, बसा" म्हणाल्या, पण जागच्या उठल्या नाहीत. चहा नानांनी केला, कपही नानांनीच विसळले. घरी आल्यावर मालती म्हणाली, "जरा उठायला काय झालं होतं?" आणि मीही मान डोलावली. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

असो. सांगत होतो नानांचं.

त्र्याहत्तर साली मला बढती मिळाली आणि डोक्यात गाडी शिरली. नव्या गाडीला नंबर लावून म्हातारं होईपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. तेवढ्यात पेपरात जाहिरात दिसली. बराकपूरचा कुणी परदेशी इंजिनीअर मायदेशी परत चालला होता आणि त्याला गाडी विकायची होती. गाडी विलायती, छोटी, दोनच दारांची, मागचं अख्खं झाकण वर उघडणारी. रंग लालभडक. मी तिचा फोटो बघितला आणि माझं कामातलं लक्ष उडालं.

कुणाला सांगू नये असं ठरवलं होतं. पण मालतीनं खिडकीतून नानांना सांगितलं, आणि पाच मिनिटांत नाना आमच्या बैठकीत.

"हॉर्सपॉवर किती?" त्यांनी विचारलं.

मी ऐटीत आकडा सांगितला.

"ते असू द्या. टॉर्क कुठे येतो?"

"कुठे म्हणजे?"

नानांनी चष्मा वर केला. आता सुटका नाही हे मी ओळखलं.

"लहानपणी घरी जातं होतं?"

"होतं की."

"भरलेलं जातं जागचं हलवताना खुंट्याला कसा जोर लावावा लागायचा? तो टॉर्क. फिरवणारा जोर. मग ते फिरायला लागलं, फेरे भराभर पडायला लागले, की जोर आणि फेरे मिळून किती पीठ पडतं, ती तुमची हॉर्सपॉवर. आता काही इंजिनं अशी असतात, की त्यांचा जोर मिनिटाला चार हजार फेरे झाल्याशिवाय अंगात येतच नाही. मग ती सुसाट पळतात, मान्य. पण सबनीस, गडियाहाटच्या चौकात तुम्ही चार हजारांवर जाणार कधी? पुढे ट्राम, डावीकडे हातरिक्षा, मागे बसवाला भोंगा वाजवतोय. आपला जन्म पहिल्या आणि दुसऱ्या गिअरात जायचा. तिथे पंधराशे फेऱ्यांना जी उचलते ती गाडी. पळते कशी ते कुणीही सांगेल हो. निघते कशी ते बघा."

हे शेवटचं वाक्य ते जेवणाच्या पंगतीतसुद्धा म्हणत. मंडळात नवा अध्यक्ष निवडला तेव्हाही म्हणाले होते.

रविवारी सियालदाहून लोकल धरून आम्ही दोघं बराकपूरला गेलो. गाडी फोटोपेक्षा देखणी होती. साहेब माझ्या शेजारी बसला, चाक माझ्या हाती दिलं. नानांनी त्याच्या खानसाम्याकडून फुलपात्र भरून घेतलं आणि मागे अंग चोरून बसले. साहेब माझ्याकडे बघायला लागला. मी रस्त्याकडे बघायला लागलो.

मोकळ्या रस्त्यावर ती गाडी अशी काही सुटली की काय सांगू! मी चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला बँकवाला आहे हे साफ विसरलो. साहेब खूश, मी खूश. पण परतताना बाजार लागला. भाजीचे हारे, सायकली, मध्येच ठाण मांडलेली गाय. मी थांबलो, निघालो. पुन्हा थांबलो, पुन्हा निघालो. हळू निघावं तर गाडी कण्हून बंद पडायची. जोर द्यावा तर क्लच सोडताच उडी मारायची. तिसऱ्या उडीला मागून "च्" असा आवाज आला. पाचव्याला काहीच आवाज आला नाही. मी वळून बघितलं तर नाना उरलेलं पाणी खिडकीतून टाकत होते आणि त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"व्हॉट इज ही डुइंग?" साहेबानं विचारलं.

"टेस्टिंग, सर," नाना अदबीनं म्हणाले.

लोकलमध्ये त्यांनी निकाल सांगितला. "पोर हुशार आहे. पण उठवायला रोज आरडाओरडा करावा लागणार."

माझं डोकं फिरलं. "नाना, गाडी मला घ्यायचीय, तुमच्या फुलपात्राला नाही!"

"बरोबर आहे. तुमचीच गाडी. पण मागे कोण बसणार, याचा विचार केलात?"

"कुणी नाही बसणार! मी आणि मालती, दोघं पुढे बसणार!"

नाना सियालदा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, बरी जिरली.

पण त्यांचं बोलणं कानात राहिलं, मी आठवडाभर घोळ घातला, आणि तेवढ्यात ती लाल गाडी दुसऱ्याच कुणीतरी उचलली. पंधरा दिवस मी नानांशी बोललो नाही. ते मात्र रोज सकाळी समोरून हात करत, जणू काही झालंच नाही. अशा माणसावर रागावणंसुद्धा कठीण.

सोळाव्या दिवशी ते स्वतःच आले. "बागबाजारला शंभूदाच्या गॅरेजात एक आहे. तशाच बांध्याची, पण चार दारांची, मागचं झाकण वर उघडणारी. एका डॉक्टरची. बघून तर घ्या. आवडली नाही तर पुन्हा तोंड उघडणार नाही."

शेवटच्या वाक्याच्या आशेनं मी गेलो.

शंभूदा म्हणजे जाडा, घामट, पान चघळणारा मिस्त्री. आम्ही मराठी म्हटल्यावर तो गडगडून हसला. त्याच्या बंगाली-हिंदीत जे तो बोलला त्याचा सारांश असा, की तुमचे बर्गी, म्हणजे मराठे स्वार, घोड्यांवरून येणार म्हणून आमच्या पूर्वजांनी इथूनच खंदक खणायला घेतला होता, आणि आता तुम्ही येता ते हातात पाण्याचा पेला घेऊन! किती दिवस गेले बघा!

"त्यांचे घोडे बुटके होते," नाना गंभीरपणे म्हणाले. "पण निघायचे कसे, ते तुमच्या पणजोबांना विचारा." शंभूदानं खूश होऊन त्यांच्या पाठीत थाप मारली. फुलपात्र अजून भरायचं होतं म्हणून बरं.

गाडी बघून माझा जीव खट्टू झाला. रंग राखेचा. हॉर्सपॉवर लाल गाडीच्या पाऊणपट. दारं खडखडत होती. मी निमूटपणे चाकाशी बसलो आणि नानांच्या सांगण्यावरून हावड्याचा पूल गाठला. पुलावर नेहमीसारखी रेटारेटी. ठेले, बस, ट्राम, डोक्यावर गाठोडी घेतलेले हमाल, आणि आम्ही चढाच्या ऐन मध्यावर अडकलेले.

"आता घाई करू नका," मागून नाना म्हणाले. त्यांचा आवाज वेगळाच लागला होता. "अ‍ॅक्सिलरेटरला नुसतं बोट लावल्यासारखं करा. क्लच सावकाश. पहिल्यातून लगेच दुसऱ्यात."

गाडी निघाली. खरं म्हणजे ती निघाली हे मला समोरचा ठेला जवळ आला तेव्हा कळलं. माणसाच्या चालीनं चाललेली असताना दुसऱ्या गिअरातच पाय दाबला, तर कण्हणं नाही, उडी नाही. गाडी पोटातून हुंकार देऊन वर चढली.

"परत एकदा," नाना म्हणाले.

आम्ही तो पूल तीनदा केला. शेवटी स्टेशनापाशी थांबून मी वळून बघितलं. फुलपात्र काठोकाठ भरलेलं होतं आणि नाना बाहेर नदीकडे बघत होते.

"ही घ्या सबनीस," ते म्हणाले. "मी तुमच्या पाया पडतो, पण ही घ्या."

आता पंचावन्न वर्षांचा माणूस पाया पडण्याची भाषा करायला लागल्यावर मी काय बोलणार? घेतली.

आणि प्रामाणिकपणे सांगतो, महिन्याभरात मला पटलं. ती गाडी कुणाच्याही पुढे गेली नाही, पण चौकात कधी मागेही राहिली नाही. पोलिसानं हात खाली केला की मी निघालेला असायचो, आणि शेजारचे अजून गुरगुरत असायचे. फक्त एक त्रास होता. नाना रोज सकाळी कचेरीपर्यंत माझ्याबरोबर यायला लागले. मागे, डावीकडे, फुलपात्रासकट. "आज रासबिहारीच्या चौकात तीन थेंब." "आज ब्रेक उशिरा लावलात." "आज कोरडं! शाब्बास!" शाळेत मास्तरांनी नसेल केलं इतकं त्यांनी मला छळलं. मी मालतीला म्हणायचो, "अगं, गाडी तर घेतली, आता हा माणूस आणखी काय तपासतोय?"

संक्रांत आली. मंडळाचं हळदीकुंकू भवानीपूरच्या हॉलमध्ये असायचं. आमच्या भागातल्या घरांना बोलावण्याचं काम त्या वर्षी मालतीकडे होतं. आधीच्या बाईंनी तिला नावांचा कागद दिला होता. त्यात रिसबुडांच्या नावावर काट मारलेली होती. 'कधी येत नाहीत, हेलपाटा कशाला?' असं त्या म्हणाल्या होत्या. मालती सगळीकडे करंडा घेऊन जाऊन आली. समोरचं घर तेवढं राहिलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास नाना आले. परीटघडीचा कोट, दाढी गुळगुळीत. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"गाडी तासभर मिळेल का? तुम्हीच चालवायची."

"मिळेल की. कुठे जायचंय?"

नाना मालतीकडे बघायला लागले, मग जमिनीकडे. "वहिनी, बोलावणं मागून घ्यायचं नसतं, मला कळतं. पण ही गेले आठ दिवस रोज चार वाजता केस विंचरून, दार उघडं ठेवून बसतेय. आज तर सकाळपासून नेसून तयार आहे. समोरच्या घरचं बोलावणं राहून गेलं असेल, येतील, म्हणतेय."

मालतीच्या हातातला तिळगुळाचा डबा तसाच राहिला. "पण काकू तर कधी... त्या येतच नाहीत ना कुठे?"

मग नाना बसले आणि त्यांनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी काकू न्हाणीघरात पडल्या. मणका दुखावला. घरात हळूहळू फिरता येई, पण खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी आधार लागायचा, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं : धक्का बसता कामा नये. तरी पुढच्याच संक्रांतीला त्या हट्टानं निघाल्या. टॅक्सी केली. रासबिहारीच्या चौकात टॅक्सीवाल्यानं क्लच सोडला आणि एकच हिसका बसला.

"हिनं ओठ असा आवळून धरला की रक्त आलं," नाना म्हणाले. "तिथूनच परत फिरलो. त्यानंतर उंबरा ओलांडला नाही. मला म्हणाली, मंडळात सांगू नका. सगळ्याजणी कीव करतील. मला तिथे नटून जायचंय, कीव करून घ्यायला नाही. म्हणून मी कुणाला बोललो नाही. फुलपात्र तेवढं घेतलं."

सहा वर्षं हा माणूस लोकांच्या गाड्यांत पाणी घेऊन बसत होता, आणि सहा वर्षं मंडळ हसत होतं, त्यात मीही.

"मग गाडी घेतल्या दिवशीच का नाही सांगितलंत?" मी विचारलं. मला रडू येत होतं म्हणून आवाज चढला.

"गाडी तयार होती हो," नाना ओशाळून म्हणाले. "तुमचा हात बसायचा होता."

मालती एव्हाना देवघरातून करंडा घेऊन बाहेर पडली होती. पायांत चपला नाहीत, पदर खोचलेला. गल्ली ओलांडून ती रिसबुडांच्या उघड्या दारात शिरली आणि तिचा आवाज मला आमच्या जिन्यापर्यंत ऐकू आला. "काकू, उशीर झाला हो मला. माफ करा. संध्याकाळी हळदीकुंकवाला यायचं हं, नक्की यायचं!"

काकूंनी जांभळी इरकल नेसली होती. त्यांना गाडीत बसवायला दहा मिनिटं लागली. मागे त्या आणि नाना, पुढे मालती तिळगुळ घेऊन. नानांनी सवयीनं फुलपात्र भरून तळहातावर ठेवलं. मी चाकाशी बसलो. परीक्षेलासुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो.

रासबिहारीच्या चौकात पोलिसानं नेमका आमच्यापुढे हात आडवा केला. पुढे ट्राम, मागे बस. मागून काकूंचा बारीक आवाज आला. "हाच ना हो तो चौक?"

"हाच," नाना म्हणाले.

"मी डोळे मिटून घेते. निघायच्या आधी सांगा. सीट घट्ट धरते."

पोलिसाचा हात खाली आला. नाना काही बोलले नाहीत. मी अ‍ॅक्सिलरेटरला नुसतं बोट लावल्यासारखं केलं, क्लच सावकाश सोडला, पहिल्यातून दुसऱ्यात घेतली. ट्रामचे रूळ चाकांखालून गेले. डावीकडची मिठाईची दुकानं गेली.

"अहो," काकू म्हणाल्या, "अजून पोलीस सोडत नाही का?"

मालतीनं पदर तोंडाला लावला होता. शेवटी नाना कसेबसे म्हणाले, "उघड डोळे. चौक केव्हाच मागे पडला."

मी आरशात बघितलं. काकू खिडकीला तोंड लावून रस्ता बघत होत्या, आणि नानांच्या हातातल्या फुलपात्रातलं पाणी डचमळून त्यांच्या परीटघडीच्या कोटावर सांडत होतं. गाडी चांगली सरळ चालली होती. नानांचा हातच थरथरत होता.

"पाणी सांडतंय हो," काकू म्हणाल्या.

"सांडू दे," नाना म्हणाले.